यंत्र निर्दोष झाले, संहितेचे काय?

ग्रंथसंपादनाच्या शास्त्रात पहिला प्रश्न वाचनाचा नसतो, पाठाचा असतो. शके 1506 म्हणजे इ.स. 1584 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे उत्तम वाचकाची वाण नव्हती. हातोहात उतरत आलेल्या पोथ्यांत शिरलेले पाठभेद ही त्यांची अडचण होती. मराठीच्या वर्गात आम्ही हे दरवर्षी शिकवतो. तरीही ध्वनिमुद्रित संगीताकडे वळलो, की हा क्रम आपण सहज विसरतो. उंची डीएसी, त्याहून उंची स्पीकर, सोन्याचा मुलामा दिलेल्या तारा, अशी खरेदी आधी होते. ज्या संहितेचे वाचन हे सारे करणार आहे ती कोणती, ती कोणाच्या हातून आली, तिच्यात कोणी काय बदलले, हे विचारायचे राहून जाते. डिजिटल ध्वनीचा इतिहास या दृष्टीने पाहिला तर तो यंत्रांचा इतिहास कमी आणि पाठाचा इतिहास अधिक वाटू लागतो. म्हणून अभियांत्रिकीच्या या प्रांतात शिरण्याचे धाडस आम्ही साहित्याचे अध्यापक करीत आहोत.

आवाज अंकांत मांडण्याची कल्पना संगीतातून निघालेली नाही, ती टेलिफोनमधून निघाली. लांब पल्ल्याच्या तारेवर आवाज क्षीण होत जाई, म्हणून वाटेत ठिकठिकाणी तो वाढवावा लागे. पण आवाजाबरोबर तारेतली खरखरही वाढे. पुढचा प्रवर्धक ती खरखर मूळ आवाजासारखीच इमानाने वाढवून पुढे धाडी. पोथी उतरवून घेणारा लेखनिक आधीच्या लेखनिकाची चूक अधिकृत समजून उतरवतो, आणि तिच्यात आपली एक मिळवतो, तसाच हा प्रकार होता. 1937 मध्ये पॅरिसमध्ये काम करणाऱ्या ॲलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याने यावर उपाय सुचवला. आवाजाचे ठराविक काळाने नमुने घ्यावेत, प्रत्येक नमुन्याची उंची एका अंकाने सांगावी, आणि तो अंक ‘आहे’ व ‘नाही’ अशा दोनच खुणांनी तारेवरून पाठवावा. खुणा पुसट झाल्या तरी ‘आहे’ आणि ‘नाही’ यांतला फरक ओळखता येतो तोवर पुढचा टप्पा त्या पुन्हा कोऱ्या करकरीत लिहू शकतो. आता लेखनिक शंभर असोत वा हजार, शेवटची प्रत पहिल्या प्रतीइतकीच शुद्ध राहू शकत होती. हस्तलिखितांच्या जगाला हे भाग्य कधीही लाभले नव्हते.

रीव्हजची कल्पना त्या काळच्या निर्वात नळ्यांना पेलण्यासारखी नव्हती. पहिला मोठा उपयोग युद्धात झाला. 1943 पासून वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यामध्ये ‘सिगसॅली’ नावाची गुप्त संभाषणयंत्रणा चालू होती. पन्नास टनांहून अधिक वजनाची ही यंत्रणा आवाजाची गुणवैशिष्ट्ये अंकांत बदलून कूट करीत असे. कूटाची किल्ली मात्र ग्रामोफोनच्या तबकडीवर असे. निव्वळ यदृच्छ खरखर भरलेली एकच तबकडी दोन्ही टोकांना एकाच क्षणी, एकाच वेगाने फिरत राही आणि वापर झाल्यावर नष्ट केली जाई. डिजिटल आवाज आणि तबकडी यांच्या वैराच्या गोष्टी पुढे पुष्कळ सांगितल्या गेल्या. त्यांची पहिली भेट अशी स्नेहाची होती, हे नोंदवून ठेवावेसे वाटते.

सिद्धान्ताची बाजू तोवर जुळत आली होती. 1928 मध्ये हॅरी नायक्विस्टने आणि 1949 मध्ये क्लॉड शॅननने जे मांडले त्याचे सार असे: एखाद्या ध्वनीतली सर्वोच्च कंप्रता ठाऊक असेल, तर तिच्या दुपटीहून अधिक वेगाने घेतलेल्या नमुन्यांतून तो ध्वनी पूर्णपणे परत उभा करता येतो. ‘पूर्णपणे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. नमुन्यांच्या मधले काही गळत नाही आणि जिन्याच्या पायऱ्यांसारखा खडबडीत आवाजही येत नाही, कारण त्या बिंदूंमधून त्या मर्यादेत बसणारी एकच सलग रेषा जाऊ शकते. डिजिटल आवाज ‘तुटक’ असतो, हे विधान साहित्यिक वर्तुळांत आजही मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते. ते रूपक म्हणून आकर्षक असले तरी वस्तुस्थिती म्हणून चुकीचे आहे.

संगीताच्या क्षेत्रात पहिली पावले जपानने टाकली. एनएचके या प्रसारणसंस्थेच्या प्रयोगशाळेत हेइतारो नाकाजिमा यांच्या गटाने 1967 मध्ये प्रायोगिक डिजिटल ध्वनिमुद्रक तयार केला. 1972 मध्ये डेनॉन कंपनीने 13 बिटांचा, आठ मार्गिकांचा मुद्रक व्यावसायिक वापरात आणला. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने खरा नायक अमेरिकेतला आहे. त्याचे नाव थॉमस स्टॉकहॅम.

स्टॉकहॅम हे युटा विद्यापीठातले प्राध्यापक. 1974 मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफितीतला साडेअठरा मिनिटांचा कोरा भाग तपासण्यासाठी जी तज्ज्ञसमिती नेमली गेली तिच्यात ते होते. तो भाग एका अपघाताने पुसला गेलेला नसून किमान पाच वेगवेगळ्या वेळा पुसण्याची क्रिया झाली आहे, असा निष्कर्ष त्या समितीने काढला. पाठात जे नाही त्याचेही वाचन करता येते, याचा हा नमुना. त्याच सुमारास ते एन्रिको कारुझो या विख्यात इटालियन गायकाच्या जुन्या तबकड्यांवर काम करीत होते. कारुझो 1921 मध्ये निवर्तला, म्हणजे विजेच्या मायक्रोफोनने मुद्रण सुरू होण्यापूर्वीच. त्याचा आवाज एका कर्ण्यातून थेट सुईपर्यंत गेलेला होता, आणि कर्ण्याला स्वतःचा आवाज असतो. काही स्वर तो फुगवतो, काही गिळतो. कर्णे तर केव्हाच नाहीसे झालेले. मग कर्ण्याने काय बदलले हे कसे ठरवावे?

स्टॉकहॅम यांनी तेच गीत नंतरच्या काळातल्या एका गायकाने चांगल्या साधनांनी मुद्रित केलेले होते, ते घेतले. दोन्ही ध्वनींची दीर्घकालीन सरासरी काढली. गायक वेगळे असले तरी रचना एकच. तेव्हा सरासरीतला जो फरक उरतो तो मुख्यतः कर्ण्याचा, असे गृहीत धरून त्याच्या नेमका उलट संस्कार संगणकाकरवी कारुझोच्या आवाजावर केला. 1976 मध्ये आरसीए कंपनीने ही मुद्रणे प्रसिद्ध केली. पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला यातली रीत तत्काळ ओळखू येईल. दुसऱ्या घराण्यातली पोथी समोर ठेवून पहिल्या पोथीतल्या विकृतीचा माग काढायचा, आणि तर्काने मूळ पाठाच्या जवळ जायचे, हेच तर आपण करतो. आणि आपल्याला पडणारा प्रश्न तेथेही पडतोच, की जे हाती आले तो कारुझो, की कारुझोविषयीचे एक सुसंगत अनुमान? स्टॉकहॅम यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही आम्ही त्याला अनुमान म्हणू. ते उत्तम अनुमान आहे, एवढेच.

स्टॉकहॅम यांनी 1975 मध्ये ‘साउंडस्ट्रीम’ ही कंपनी काढली. तिच्या 16 बिटांच्या मुद्रकावर टेलार्क कंपनीने 1978 पासून ध्वनिमुद्रणे केली. चायकोव्हस्कीच्या ‘1812’ या रचनेतले तोफांचे आवाज त्या तबकडीच्या खाचांत इतके खोल उमटले, की अनेक घरांतल्या सुया खाचेबाहेर उडाल्या. मुद्रण डिजिटल होते, वाचन मात्र सुईचेच. वाचक पाठाला अपुरा पडण्याची ही स्थिती फार काळ टिकली नाही.

1982च्या ऑक्टोबरमध्ये सोनी कंपनीचा पहिला सीडी प्लेअर जपानी बाजारात आला. त्यामागच्या तपशिलांत एक अंक फार बोलका आहे: सेकंदाला 44,100 नमुने. माणसाचा कान साधारण 20,000 कंपनांपर्यंत ऐकतो, त्याची दुप्पट 40,000, आणि थोडी सवड. पण नेमके 44,100 का? तेव्हा एवढा मजकूर साठवू शकणारे सोयीचे साधन म्हणजे व्हिडिओ टेप. अमेरिकी-जपानी पद्धतीच्या चित्रात सेकंदाला 60 क्षेत्रे, प्रत्येकात वापरण्याजोग्या 245 ओळी, आणि प्रत्येक ओळीत तीन नमुने. युरोपीय पद्धतीत 50 क्षेत्रे, 294 ओळी, तीन नमुने. दोन्ही गुणाकार करून पाहा. उत्तर एकच येते. जगभरच्या संगीताचे माप अशा रीतीने दूरचित्रवाणीच्या ओळींनी ठरवले. फिलिप्सला 14 बिट पुरेसे वाटत होते, सोनीचा आग्रह 16चा होता आणि तो मान्य झाला. 16 बिट म्हणजे प्रत्येक नमुन्यासाठी 65,536 पायऱ्या, आणि सर्वांत हलक्या व सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे 96 डेसिबलचे अंतर.

सीडीत पाठशुद्धीची सोयही अंगभूत होती. अंकांबरोबर जादा अंक अशा हिशेबाने विखरून लिहिलेले असतात, की तबकडीवर सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा पडला तरी गेलेला मजकूर अचूक परत मिळतो. त्याहून मोठा ओरखडा असेल तर मात्र यंत्र आजूबाजूच्या नमुन्यांवरून अदमास करते. खात्रीचा पाठ कोठे संपतो आणि संपादकाचा तर्क कोठे सुरू होतो, ही सीमा येथे मिलिमीटरमध्ये सांगता येते, याचा आम्हांला थोडा हेवा वाटतो.

एवढे असूनही सुरुवातीच्या सीडी अनेक जाणत्या कानांना कर्कश वाटल्या, आणि त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. सोनीच्या त्या पहिल्या यंत्रात दोन कानांसाठी अंकांचे ध्वनीत रूपांतर करणारा भाग एकच होता. तो आळीपाळीने डावे-उजवे करी. कंप्रतेच्या मर्यादेबाहेरचा भाग कापण्यासाठी अतिशय तीव्र उताराचे गाळणे लागे, त्याचेही दोष होते. फिलिप्सने उलट युक्ती केली: 14 बिटांचेच रूपांतरक ठेवून नमुन्यांची संख्या चौपट केली, त्यामुळे गाळण्याचे बरेचसे काम अंकगणितातच उरकले. पुढे हीच दिशा सर्वांनी धरली. शिवाय अनेक सीडी ज्या फितींवरून काढल्या गेल्या त्या तबकडीसाठी तयार केलेल्या होत्या. सुईचा स्वभाव लक्षात घेऊन त्यांत केलेले फेरफार सीडीवर जसेच्या तसे उतरले. दोष पाठाचा होता, शिव्या माध्यमाला बसल्या.

एक दोष अधिक सूक्ष्म होता, आणि त्याचे निराकरण आम्हांला या साऱ्या इतिहासातले सर्वांत सुंदर प्रकरण वाटते. तानपुऱ्याची तार छेडल्यावर तिचा नाद विरत जातो. विरता विरता तो इतका बारीक होतो, की 65,536 पायऱ्यांतल्या शेवटच्या एकदोन पायऱ्यांवरच उरतो. तेथे त्याचा गोलावा जातो, तो चौकोनी, किरकिरा होतो आणि मग एकदम बंद पडतो. यावर उपाय काय, तर रूपांतर करण्यापूर्वी त्यात मुद्दाम थोडी यदृच्छ खरखर मिसळावी. याला ‘डिदर’ म्हणतात. खरखरीमुळे तो बारीक नाद कधी वरच्या पायरीवर पडतो, कधी खालच्या. पण वर पडण्याचे प्रमाण त्याच्या खऱ्या उंचीनुसार कमीजास्त होत राहते, आणि सरासरीत त्याचा मूळ आकार शाबूत राहतो. शेवटच्या पायरीच्याही खाली गेलेला स्वर मंद सळसळीआडून ऐकू येत राहतो. 1960च्या दशकाच्या प्रारंभी लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी चित्रांच्या संदर्भात हे दाखवले होते. व्हॅन्डरकॉय आणि लिपशिट्झ या कॅनडातल्या दोन प्राध्यापकांनी 1980च्या दशकात ध्वनीसाठी त्याची पक्की मांडणी केली. काळजीपूर्वक केलेल्या मुद्रणात ही खरखर गृहीतच असते.

नमुने वाजवण्याच्या वेळेतली अब्जांश सेकंदाची डगमग, रूपांतरकाची अचूकता, हे प्रश्नही 1990च्या दशकात बव्हंशी सुटले. आजच्या मध्यम किमतीच्या डीएसीचे दोष मोजता येतात, ऐकू येणे अवघड. पण हौशी मंडळींचे समाधान होईना. सीडीच्या कडेला हिरव्या पेनने रंग दिला की आवाज सुधारतो, अशी एक टूम त्याच सुमारास जगभर फिरली. अडीच मिलिमीटरची जखम स्वतःच भरून काढणाऱ्या तबकडीला हे गंध कशासाठी, असे कोणी विचारले नाही.

मग बिट वाढले. 1999 मध्ये सुपर ऑडिओ सीडी आली, तिच्या पाठोपाठ डीव्हीडी-ऑडिओ, नंतर 24 बिटांच्या फाइली. यातून काय मिळाले? 2007 मध्ये मेयर आणि मोरान यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा वाढीव दर्जाचा ध्वनी आणि तोच सीडीच्या मापातून गाळून घेतलेला ध्वनी श्रोत्यांना ओळखायला दिला. 554 प्रयत्नांपैकी 276 बरोबर आले, म्हणजे नाणे उडवल्यासारखे. 2016 मध्ये जोशुआ राइस यांनी अशा 18 प्रयोगांचा एकत्र हिशेब केला तेव्हा प्रमाण 52.3 टक्के निघाले. प्रशिक्षित कानांना थोडे अधिक यश आले. फरक शून्य नाही, पण तो घराच्या किमतीचाही नाही. मेयर-मोरान यांच्या लेखातला खरा महत्त्वाचा शेरा वेगळाच आहे. या नव्या तबकड्या बहुतेक सीडींहून ऐकायला सरस होत्या, असे त्यांनीच म्हटले. कारण बिट नव्हते. मोजक्या, जाणत्या श्रोत्यांसाठी त्या तयार होत असल्यामुळे अभियंत्यांना मनासारखे काम करण्याची मोकळीक होती.

ही मोकळीक अन्यत्र का नव्हती? कारण दरम्यान पाठ बिघडवण्याचा एक मोठा उद्योग सुरू झाला होता. दोन आवाजांची तुलना करताना जो किंचित मोठा असतो तो माणसाला अधिक चांगला वाटतो. हे व्यापाऱ्यांना केव्हाच कळले होते. तबकडीवर आवाज वाढवण्याला खाचेची मर्यादा होती. सीडीने ती काढून टाकली. मग हलके आवाज वर उचलायचे, मोठ्यांची शिखरे छाटायची, आणि सारे एकाच ठोक पातळीवर आणायचे. 96 डेसिबलचे दालन बांधून झाल्यावर माणसे छताला डोके लावून उभी राहू लागली. 1995 मधला ओएसिस या ब्रिटिश गटाचा संग्रह याच्या आरंभीच्या ठळक उदाहरणांत मोडतो. 2008 मध्ये मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला तेव्हा गंमत झाली. तीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ खेळातही होती, आणि त्या खेळातला पाठ सीडीपेक्षा कमी छाटलेला होता. मुलांच्या खेळण्यातून शुद्ध प्रत मिळावी आणि अधिकृत आवृत्ती भ्रष्ट असावी! हजारो चाहत्यांनी पुनर्मुद्रणाच्या मागणीवर सह्या केल्या. 2010 मध्ये युरोपातल्या प्रसारणसंस्थांच्या संघाने आवाजाची सरासरी पातळी मोजून समान ठेवण्याचा दंडक घालून दिला. पुढे ऑनलाइन संगीतसेवांनीही तशी सोय केल्यावर ओरडण्याचा फायदा घटला. त्या वर्षांतल्या सीडी मात्र तशाच आहेत. त्या वाजवायला कितीही महाग यंत्र आणले तरी ते छाटलेली शिखरे इमानाने छाटलेलीच दाखवील.

अस्सलतेच्या शोधात जे पुन्हा तबकडीकडे वळले त्यांची कथा 2022 मध्ये उघड झाली. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या महागड्या तबकड्यांची रसिकांत निव्वळ ॲनालॉग म्हणून ख्याती होती. त्यांपैकी कित्येक 2011 पासून डिजिटल प्रतीवरून काढल्या जात होत्या. त्यांच्या ‘ॲनालॉग ऊबे’चे वर्णन अकरा वर्षे झाले. आम्हांला यात त्या कानांची थट्टा करावीशी वाटत नाही. त्यांना जे चांगले वाटले ते खरोखर चांगलेच होते. कारण काय, एवढेच त्यांना चुकीचे सांगितले गेले होते.

आता आपल्या संगीताकडे येऊ, कारण कारुझोशी त्याचा एक थेट दुवा आहे. 1902 च्या एप्रिलमध्ये मिलानमध्ये कारुझोचे मुद्रण करणारा फ्रेड गैसबर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात होता आणि गौहर जान यांचे गाणे मुद्रित करीत होता. गायनाच्या शेवटी त्या स्वतःचे नाव इंग्रजीत सांगतात, हे पुष्कळांना ठाऊक आहे. तोच कर्ण्याचा काळ, तीच कर्ण्याची विकृती. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांचे मुद्रण आधी या कर्ण्याच्या युगात झाले आणि 1930च्या दशकात पुन्हा विजेच्या साधनांनी झाले. दोन्ही ऐकणाऱ्याने त्यांतला सारा फरक गायकाच्या वयावर ढकलू नये.

या तबकड्यांच्या डिजिटल प्रती आज सहज मिळतात, आणि त्यांच्यावर दोन प्रकारचे संस्कार झालेले असतात. पहिला खरखर काढण्याचा. लाखेच्या तबकडीची खरखर आणि तानपुऱ्याचे वरचे सूक्ष्म स्वर कंप्रतेच्या एकाच पट्ट्यात राहतात. ‘स’, ‘श’सारखी व्यंजने आणि तानेआधी घेतलेला श्वासही तेथेच. संगणकाला त्यांत भेद करता येईलच असे नाही. आक्रमकपणे साफ केलेल्या प्रतीत गायक काचेच्या पेटीत ठेवल्यासारखा वाटतो, त्याच्यामागची जागा मृत होते. आम्ही तरी अशा वेळी खरखरीसहितची प्रत पसंत करतो. कान थोड्या वेळात ती खरखर बाजूला सारायला शिकतो. गेलेला श्वास परत आणण्याचे कसब त्याच्याकडे नाही.

दुसरा संस्कार वेगाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. ‘78 आरपीएम’ हे नाव नंतरच्या प्रमाणीकरणाचे. प्रारंभीच्या काळात मुद्रणाचा वेग सत्तरपासून ऐंशीपर्यंत कोठेही असू शके. समजा, 74 फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित झालेली तबकडी 78 च्या वेगाने वाजवून तिची फाइल केली. आवाज सुमारे साडेपाच टक्क्यांनी चढतो, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनच्या आसपास जाते, लय वाढते, तान मुळात होती त्याहून चपळ भासते, आणि गळा किंचित बारीक होतो. त्या घराण्याच्या गायकीविषयी, लयीविषयी आपण वर्गात जी विधाने करतो त्यांतली काही या साडेपाच टक्क्यांवर उभी असण्याची शक्यता आहे.

उत्तम साधने बाळगणाऱ्याने काय करावे, असे विचारल्यास सांगण्यासारखे फार नाही. स्पीकर आणि ते ज्या खोलीत ठेवले आहेत ती खोली, यांचा परिणाम इतर सर्व घटकांहून मोठा असतो. उघड्या भिंतींपुढे पुस्तकांचे कपाट आले तर बहुधा फायदाच होतो, आणि ते आपल्या वाचकांच्या घरी असतेच. संगणक किंवा फोन मूळ नमुने मध्येच दुसऱ्या मापात बदलत नाही ना, ब्लूटूथ ते पुन्हा संकोचत नाही ना, हे एकदा तपासावे. दोन प्रतींची तुलना करताना आवाजाची पातळी नेमकी सारखी करावी. त्यानंतरचा वेळ आणि पैसा आवृत्तींच्या शोधात घालवावा: मुद्रण कोणत्या वर्षीचे, प्रत कोणत्या फितीवरून वा तबकडीवरून, पुनर्संस्करण कोणी केले. पाश्चात्त्य संगीताच्या बाबतीत ही माहिती सीडीच्या पुस्तिकेत पुष्कळदा मिळते. आपल्या जुन्या ख्यालांच्या फाइलींवर राग, गायक आणि फार तर ताल लिहिलेला असतो. तबकडी कोणती होती आणि तिचा वेग कशावरून ठरवला, ती ओळ बहुतेक ठिकाणी रिकामीच असते.